अर्धा अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या मिस्टरांना स्ट्रोक आला तेव्हा गॅलरीतल्या टेबलावर त्यांचा नववा अ‍ॅम्प्लिफायर अर्धा झालेला होता. सकाळचे साडेसात वाजले होते. मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. तिथली लायब्ररी मी सांभाळायचे. गॅलरीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. वाटलं, सोल्डरिंगचा स्टँड पडला असेल. "सांभाळून हो," असं मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले आणि डबा भरत राहिले. दोन-तीन मिनिटं गेली असतील. ती दोन-तीन मिनिटं मी अजून कुणाला सांगितलेली नाहीत, मुलीलासुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी ह्यांना घरी आणलं. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. बोलणं गेलं होतं, फक्त एक शब्द तेवढा राहिला होता. "चहा". पाणी हवं असलं तरी चहा, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी चहा, मुलगी बोरिवलीहून आली की आनंदानेही चहाच. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं सगळं. काय बोलायचं तेही डोक्यात असतं. तोंडातून मात्र तेवढंच बाहेर पडतं." पहिल्या आठवड्यात मी खरोखरच कितीतरी वेळा चहा करून आणला. कप समोर ठेवला की हे डाव्या हाताने तो लोटून द्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

ह्यांची नोकरी टेलिफोन खात्यातली. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, बागेत जातात. ह्यांनी व्हॉल्वचे अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घेतले. जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे व्हॉल्व, आतली तार तापून लाल होते ते. चोरबाजारातून ते कागदात गुंडाळून आणायचे, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचे. मुलुंडमधलं आमचं घर एका बेडरूमचं. ग्रिल लावून बंद केलेली गॅलरी ह्यांच्या सामानाने भरलेली, आणि ओले कपडे हॉलमध्ये दोरीवर. मी कितीदा कटकट केली असेल. आठ अ‍ॅम्प्लिफायर झाले आणि आठही लोकांच्या घरी गेले. एक वाकोल्याला मोठ्या दिरांकडे, एक घाटकोपरच्या मित्राकडे, असे. नववा सुरू केला तेव्हा म्हणाले होते, "हा आपल्याला. हा कुणाला द्यायचा नाही." मी म्हटलं होतं, "आणि ठेवणार कुठे?"

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. चित्रांची कार्डं दाखवायच्या. गाय, आंबा, छत्री. चाळीस वर्षं टेलिफोनच्या हजारो तारा अचूक जोडलेला माणूस त्या गाईकडे बघायचा आणि म्हणायचा, "चहा." महिन्याभराने ह्यांनी सगळी कार्डं जमिनीवर उधळली. बाई समजूतदार होत्या, पण पुन्हा आल्या नाहीत. मी नोकरी सोडली होती. दिवसभर आम्ही दोघंच घरात. हे खुर्चीत बसून गॅलरीच्या दाराकडे बघत राहायचे आणि मी ह्यांच्याकडे.

एके दिवशी मी जवळून जात असताना ह्यांनी माझी ओढणी धरली. ती ओढत मानेने गॅलरीकडे खुणा करू लागले. मी आधार देऊन टेबलापाशी बसवलं. ह्यांनी डाव्या हाताने सोल्डरची तार उचलली आणि माझ्या हातात दिली. मग अर्ध्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवलं.

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"चहा," हे म्हणाले. इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी स्टूल ओढून बसले.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ह्यांनी सर्किट काढून ठेवलेलं होतं. ते समोर लावलं. हे कागदावर एका जागी बोट ठेवायचे, मग चॅसीत त्याच जागी, म्हणजे त्या पत्र्याच्या खोक्यात, जिथे सगळं बसवतात तिथे. मी तार जोडायची. चुकलं की मनगटावर चापट. बरोबर असलं की काहीच नाही, पुढचं बोट. माझी बोटं भाजली, सोल्डरचे गोळे झाले, एक जोड मी सात वेळा केला. पण दोन महिन्यांत मला रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे वाचता यायला लागले. मुलीला फोनवर मी म्हणाले, "आज पप्पा माझ्यावर चिडले गं, मस्त चिडले." ती रडायला लागली.

मग तो दिवस आला. दुपारची जेवणं झाली होती. वीजपुरवठ्याचा भाग पूर्ण झाला होता आणि व्हॉल्व न लावता आधी तेवढाच तपासायचा होता. ह्यांचं मला खुणांनी समजावून झालं होतं. मी बटण दाबलं, मल्टीमीटर लावला. आकडा चारशे व्होल्टच्या जवळ गेला. हे हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसले. मी बटण बंद केलं, प्लगही काढला, आणि मीटर बाजूला ठेवला. तेव्हा दिसलं, की एका मोठ्या कपॅसिटरजवळची तार सैल झालीये. म्हटलं, आत्ताच सरळ करू.

"चहा!" हे ओरडले.

"ठेवते हो. एवढं झालं की ठेवते."

"चहा! चहा! चहा!"

"अहो, दोन मिनिटं धीर धरा ना! प्लग काढलाय, दिसत नाही का?"

ह्यांनी माझा हात पकडायला डावा हात टाकला, पण मी उजव्या बाजूला होते. तिथवर तो पोचला नाही.

छातीत कुणीतरी हातोडा मारावा तसं झालं. पुढचं आठवतं ते मी भिंतीशी पडलेली होते, स्टूल माझ्या अंगावर, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडलेली. दात एकमेकांवर घट्ट बसले होते. आणि माझ्यापर्यंत पोचायच्या धडपडीत हेही खुर्चीतून खाली पडले होते. लुळी बाजू खाली गेलेली, गाल लादीला टेकलेला. त्याच तोंडाने हे अजून तोच शब्द म्हणत होते, हळू हळू, थुंकीसकट.

मी ह्यांना उचलू शकले नाही. फोन ओट्यावर होता. तिथपर्यंत जायला माझे पाय उठेनात. आम्ही दोघं त्या अरुंद गॅलरीत तसेच पडून राहिलो. खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं पीं पीं ऐकू येत होतं. आणि मी बत्तीस वर्षांच्या संसारात ज्याला कधी अहोशिवाय हाक मारली नाही, त्या माणसाला म्हणाले, "मेले असते ना मी! एक शब्द येत नाही तुला? थांब म्हणता येत नाही? एवढंसं थांब? चहा चहा करत बसतोस! तू तेव्हाच गेला असतास तर..."

वाक्य पुरं केलं नाही मी. पण ह्यांना सगळं कळतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं.

आरडाओरडा ऐकून शेजारच्यांनी पुढे दार ठोठावलं. त्यांच्याकडे ठेवलेल्या आमच्या किल्लीने ते आत आले, ह्यांना उचललं, मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो ठीक निघाला. बोटांना मलम. मुलगी आली आणि तिने सगळं सामान पोत्यात भरायला घेतलं. "बस झालं आई. हे सगळं भंगारात द्यायचं." मी नको म्हणाले, पण का नको ते सांगता आलं नाही. तिने ते माळ्यावर टाकलं.

त्या दिवसापासून हे गप्प झाले. तो एक शब्दही गेला. भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. मी माफी मागितली. दिवसातून कितीदा मागितली. पाय चेपताना, आंघोळ घालताना. "अहो, मी घाबरले होते. अहो, बोला ना काहीतरी. तेच बोला." वजन उतरत गेलं, शर्टाच्या कॉलरमध्ये मान पोरासारखी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. ह्यांच्याशिवाय मला दुसरं कुणी नव्हतं ज्याला विचारावं की आता काय करू, आणि ते तर समोर बसलेले होते.

शेवटी मी घाटकोपरच्या मित्राला फोन केला. ते गृहस्थ पूर्वी टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचे, व्हॉल्वचं सगळं जाणायचे. ते आले, माळ्यावरून चॅसी काढायला लावली, ती उलटी करून बघितली आणि कॅलेंडरचा कागद मागितला.

"वहिनी, हा रेझिस्टर कुठाय?" कागदाच्या कोपऱ्यातल्या एका खुणेवर त्यांनी बोट ठेवलं. "हा कपॅसिटरच्या दोन टोकांना जोडून लावतात. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज भरलेली राहते. ती हा उतरवतो. हा नसेल तर किती वेळ राहील, सांगता येत नाही."

तो कोपरा कॅलेंडरच्या खिळ्याच्या भोकापाशी दुमडलेला होता. मला तो दिसलाच नव्हता, आणि मी आत हात घालेपर्यंत ह्यांच्याही नजरेतून निसटला होता.

"ते सांगत होते मला," मी म्हणाले. "शेवटपर्यंत सांगत होते."

मित्र ह्यांच्यासमोर जाऊन बसले. "काय रे, बायकोला न शिकवता कामाला लावतोस होय? चूक तुझी आहे. वहिनींची नाही आणि तुझ्या जिभेची तर नाहीच नाही. कागद दुमडला, बस. उद्यापासून पुन्हा सुरू करायचं, आणि आता जेव." त्यांनी स्वतः चमच्याने वरणभात तोंडाशी नेला. हे बराच वेळ चमच्याकडे बघत राहिले. मग तोंड उघडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकले.

राहिलेला रेझिस्टर आधी लावून पुन्हा सुरू केलं, पण मी पूर्वीसारखी राहिले नव्हते. चॅसीजवळ बोट नेलं की मी ते मागे घ्यायचे. म्हणून मित्राने एक रीत घालून दिली. काम थांबवलं की लांब दांड्याला रेझिस्टर बांधलेली एक तार कपॅसिटरला लावायची, आणि ती ह्यांनीच, डाव्या हाताने. मग मी मीटर लावायचा, आकडा मोठ्याने वाचायचा. शून्य आल्यावर ह्यांनी मान हलवायची. त्याआधी मी हात मांडीवरून उचलायचा नाही. कधी ह्यांचा हात कापायचा आणि तार जागेवर बसायला पाच पाच मिनिटं लागायची. मी बसून राहायचे.

पावसाळा सरता सरता एका बाजूचं काम पुरं झालं. डाव्या स्पीकरचं. उजव्या बाजूच्या ट्रान्सफॉर्मरची तार आतून तुटलेली निघाली होती, कुठे तुटली ते काही केल्या सापडेना. मित्र म्हणाले, एकच वाजवून बघू. त्यांनी छोट्या रेडिओची वायर जोडली. व्हॉल्व हळूहळू लाल झाले. आधी मधमाश्यांसारखी गुणगुण आली, मग तिच्यातून माणसाचा आवाज.

बातम्या चालल्या होत्या. कुणी एक निवेदक मराठीत हवामान सांगत होता. कोकण किनारपट्टी, मच्छीमारांना इशारा, तुरळक सरी. एकामागून एक शब्द, स्वच्छ, न अडखळता, जणू त्यात काहीच नाही. आवाज इतका जवळचा होता की तो माणूस आमच्या गॅलरीत बसून बोलतोय असं वाटत होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत होते, त्या निवेदकाच्या मागे मागे. आवाज येत नव्हता. मला ते बघवेना. "दुसरं लावते, गाणी लावते," म्हणून मी रेडिओकडे हात नेला, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. चापट नाही, नुसतं धरलं.

बातम्या संपेपर्यंत ह्यांनी मनगट सोडलं नाही. बोलणं आलेलं नाही. येईल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत.