साहेबांचं ‘आपण’

कारखान्यात त्यांना सगळे ‘काना-मात्रा बाई’ म्हणत. परदेशातून आलेल्या साहेबांना इथली भाषा शिकवायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. वर्गाची खोली भांडार आणि कॅन्टीनच्या मध्ये. पंखा लावला की खडूची भुकटी थेट साहेबांच्या कोटावर. भिंतीवर मुख्य कार्यालयाने धाडलेला तक्ता होता: इंग्रजी बोलणाऱ्याला कुठली भाषा किती तासांत येते. इथल्या भाषेपुढे अकराशे तास आणि एक लाल ठिपका.

नवे साहेब तो ठिपका पाहून जे खचले ते खचलेच. ते नुसतं ‘नमस्कार’ म्हणाले तरी हिशेब खातं टाळ्या वाजवायचं. तेच खातं साहेबांच्या भाषेत मेल लिहिताना घामाघूम व्हायचं, आणि एखादा शब्द चुकला की साहेब तो सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. त्या बिचाऱ्यांना किती तास लागले, याचा तक्ता कुणी छापला नव्हता. बाईंना याचा मनापासून राग यायचा.

साहेबांचं घोडं अडलं ते ‘आपण’ आणि ‘आम्ही’पाशी. त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. समोरच्याला धरून बोलायचं की वगळून, हा प्रश्न त्यांना जन्मात पडला नव्हता. एकदा त्यांनी पॅकिंग खात्याला सांगितलं, “उद्या दुपारी आपण बाहेर जेवायला जाणार आहोत.” म्हणायचं होतं, आम्ही अधिकारी जाऊ, तुम्ही काम सांभाळा. दुसऱ्या दिवशी अख्खं पॅकिंग खातं इस्त्रीचे कपडे घालून, डबा न आणता हजर. चाळीस जणांना जेवायला नेताना साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तेव्हापासून त्यांनी वर्गावर दात धरला. परीक्षेत ते नापास झाले तर दोष शिकवण्याचा आणि वर्ग बंद, असं त्यांनी बाईंना बजावलं. बाईंचा जीव टांगणीला लागला. नवरा म्हणाला, दे टाकून चार मार्क जास्त, कोण बघतंय. पण फुकटचा पास बाईंनी बावीस वर्षांत कुणाला दिला नव्हता. त्यांनी साहेबांना रोज तासभर जास्त बसवून घोटून घेतलं.

परीक्षेत शेवटचा प्रश्न होता, ‘आम्ही’ वापरून स्वतःचं वाक्य सांगा. साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, मग मुख्य कार्यालयातून आलेल्या खिशातल्या पत्राला हात लावला.

“पुढच्या महिन्यापासून आम्ही हा वर्ग बंद करत आहोत.”

उच्चार स्वच्छ, क्रियापद जागेवर. कुणाला धरायचं आणि कुणाला वगळायचं, यात तसूभर चूक नाही. लाल पेनाने बाईंनी दहापैकी दहा मार्क लिहिले आणि कागद पुढे सरकवला.

साहेब खुलले. “म्हणजे आपण पास झालो?”

“आपण नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “तुम्ही.”