मंजुळाचे चौदा आठवडे

कोलशेतच्या मंजुळाचं घासाघीस ऐकली की डोकं फिरायचं, आणि जन्म मात्र म्हावरं विकणाऱ्या मनुबाईच्या पोटी. कॉम्प्युटरचा कोर्स करून ती ठाण्यातल्या सहा माणसांच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागली, ते साल पंचाण्णव. तिथेही घासाघीसच निघाली.

डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्याला स्टोअरचा माल कॉम्प्युटरवर चढवायचा होता. मंजुळाच्या कंपनीच्या मालकांनी तिला विचारलं, किती दिवस? मंजुळा आधी आवक मालाचा एकच भाग करून बघते म्हणाली. तिचा बाप फाटलं जाळं हातभर सांधून बघायचा, मगच दिवस सांगायचा. त्या एका भागाने दोन आठवडे खाल्ले. ड्रम यायचे नगावर, वापरले जायचे किलोवर आणि रजिस्टरात दोन्ही एकाच रकान्यात. असे सात भाग उरले होते, काही हलके, काही जड.

"चौदा आठवडे," ती म्हणाली.

मालकांनी कागदावर सहा लिहिले.

"सर, सहा कुठून आले?"

"अगं, सगळेच वाढवून सांगतात. मी अर्धे करतो. वर एक आठवडा गिऱ्हाइकाला सूट."

"मी वाढवून सांगितलं नव्हतं."

"मग ती तुझी चूक."

घरी मनुबाई कोलंबी सोलता सोलता हसली. "इतकी शिकलीस तरी येडीच गो. अठ्ठावीस का नाय बोललीस? गिऱ्हाईक तोडनारच."

"आये, ही काय पापलेटची जोडी हाय?"

"मंग बस फुगून."

मंजुळा फुगली नव्हती, पेटली होती. खरं सांगणाऱ्याने खोटं शिकायचं, आणि कापणाऱ्याला मात्र कुणी काही विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

डोंबिवलीच्या मीटिंगला मालकांनी तो कागद तिच्यापुढे सरकवला. काम करणाऱ्याची सही म्हणून. समोर स्टोअरकीपर मारुतीराव बसलेले. सहा आठवड्यांनी रजिस्टरं बंद, दोन कारकून दुसऱ्या खात्यात, असं त्यांच्या साहेबांनी ठरवूनही टाकलं होतं.

"म्हणजे सातव्या आठवड्यात गेटवर ट्रक आला, तर मी ड्रम कशात लिहायचे?" मारुतीरावांनी विचारलं. "पाटीवर?"

मालक हसले. मंजुळाने सहावर काट मारली, शेजारी चौदा लिहिले आणि त्याखाली सही केली.

"रजिस्टरं बंद करू नका, काका," ती म्हणाली. "जो भाग होईल तो आणून देईन. कुठे अडलं तर आधी तुम्हाला कळवीन."

मारुतीरावांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मालकांना तो परत मागता येईना.

परतताना रिक्षात मालक म्हणाले, "यापुढे तू मीटिंगला यायचं नाहीस."

"बरं. मग सहीही तुमचीच राहू द्या."

पंधरा आठवडे लागले. पंधरावा लागणार, हे मंजुळाने तेराव्यातच मारुतीरावांना जाऊन सांगितलं. तोवर पाच भाग त्यांच्या टेबलावर चालू होते, म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं. कारकून मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत.

त्यानंतर मालक नव्या गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगायचे, आमचा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आकडा मंजुळाकडूनच काढून घ्यायचे. आता कापत नव्हते. पण मीटिंगला तिला अजून बसू देत नव्हते, आणि दाराआडून ते ऐकताना तिची कानशिलं तापायची.