पुलाखालची वजनं

रविवारी सकाळी हिंगणघाटच्या जुन्या पुलावर नाहीतर घाटावर चाळीसेक माणसं हातात दोर घेऊन उभी असतात, याचं आता कोणाला नवल वाटत नाही. दोराच्या टोकाला वाटीएवढं लोहचुंबक. ते वणा नदीत फेकायचं, तळाला टेकू द्यायचं, सावकाश ओढायचं आणि काय चिकटून येतं ते पाहायचं. आयटीआयमधून निवृत्त झालेल्या माधव सरांनी मोबाइलवर बघून हा छंद सुरू केला तेव्हा लोक हसले होते. मग विसर्जनाच्या मूर्तींचे गंजके सांगाडे निघाले, विळे निघाले, सायकलींची रिमं निघाली. घाटावर पोहणाऱ्यांच्या पायांत सळया घुसायच्या थांबल्या आणि सरांच्या ‘वणा चुंबक मंडळ’ या ग्रुपवर माणसं वाढू लागली.

त्यांत सगळ्यात नेमानं येणारा माणूस म्हणजे किराणा दुकानदार धीरज. काही निघालं की सगळे पुढं सरसावत, धीरज मात्र आपला दोर धरून जागीच थांबे. ती वस्तू दुसरीच काही आहे हे दिसलं की मगच तो पुन्हा दोर फेके.

मंडळाबरोबर नदीवर जाण्याआधी महिनाभर तो ग्रुपवरचे फोटो दोन बोटांनी मोठे करून बघत होता. जेवताना ताटावरून उठे, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना बघे.

“एवढं काय शोधून राह्यले?” बायको प्रेरणा विचारी.

“काई नाई.”

तो शोधत होता ते त्यानंच नदीत टाकलं होतं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, सतरा वर्षांचा असताना. वजनमापे खात्याचे साहेब बाजारात उतरल्याची वर्दी आली आणि त्याचे वडील ताराचंद शेठ यांनी अकरा लोखंडी वजनं पोत्यात भरून सायकलच्या कॅरिअरला बांधली. “पुलावर जाय. कोणाले दिसू देऊ नको. फेकजो अन् सीधा घरी येजो.” वजनाच्या तळाला खड्डा असतो, त्यात शिसं भरून वर सरकारी ठसा मारतात. शेठनी त्या अकरा वजनांतलं शिसं खरवडून त्या जागी मेण भरलं होतं. पाच किलोवर तोलून गेलेली ज्वारी त्यामुळे घरी पोचेपर्यंत पाच किलो नसायची. शेजारच्या दुकानांतल्या वजनांशी अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर शेठनी छिन्नीनं ‘ता’ कोरला होता.

साहेबांना दुकानात काही सापडलं नाही. त्या दिवसानंतर बापलेकात हा विषय कधी निघाला नाही. शेठ जाऊनही आता बारा वर्षं झाली. धीरजनं गिऱ्हाइकाकडं तोंड करून इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला होता, तरी आकडा पुरा झाल्यावर तो पुन्हा मूठभर डाळ टाकायचा. टाकल्याशिवाय त्याचा हात मागं येत नसे.

मंडळात तो शिरला तो लोकांना पुलापासून दूर ठेवायला. “सर, तिसऱ्या खांबाखाली नुसता गाळ हाये. वरच्या घाटावर चला न,” असं दर रविवारी म्हणे. सर भोळे, ते ऐकत. मंगळवारी दुपारी मात्र धीरज दुकानाचं शटर ओढून एकटाच तिसऱ्या खांबावर जाई आणि हात सोलवटेपर्यंत दोर फेके. लोकांच्या आधी आपणच काढून कुठंतरी पुरून टाकावं, एवढाच बेत. निघत ते खिळे आणि घोड्याची नाल. इतक्या पुरांनी ती वजनं कुठं ढकलली असतील, देव जाणे.

दिवाळीनंतर पाणी उतरलं. त्या रविवारी प्रमिलाबाई म्हणाल्या, “आज पुलाखालीच. मी त्या घाटावर जाऊन जाऊन कंटाळली बाप्पा.” प्रमिलाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सहासष्ट वर्षांच्या, पण फेक अशी की पुरुषांनी बघत राहावं. तिसऱ्या फेकीला त्यांचा दोर ताणला. दोघांनी हात लावला. वर आला तो चिखलाचा गोळा, आत सहाकोनी लोखंड.

सरांनी तारेचा ब्रश फिरवला. “ता,” त्यांनी वाचलं. मग उलटं केलं. “शिसं नाई यात. काटा मारायचं वजन हाये हे.”

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. ‘ता’ कोणाचाही असू शकत होता. पण धीरजचे पाय आधीच पुढं गेले होते.

“आमचं हाये,” तो म्हणाला. “बाबूजीचं. मीच टाकलं होतं.”

त्यानं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, पोतं, सायकल, अकराचा आकडा. सांगून झाल्यावर प्रमिलाबाईंनी पदराला हात पुसले.

“आमच्या आईले माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “साऱ्या मोहल्ल्याले माहीत होतं, धीरजभाऊ.”

“मंग घेत काऊन होते आमच्याकडून?”

“दुकान घरासमोर होतं. अन् तुमची माय, कौशल्याबाई, मागच्या दारानं आम्हा पोरींच्या हातावर गूळ ठेवायची.”

सरांनी विचारलं, फोटो ग्रुपवर टाकायचा का. धीरज म्हणाला, टाका. नाव? यावर त्यानं आधी वजनावरचा ‘ता’ अंगठ्यानं पुसला. मग म्हणाला, “तेही टाका.”

दुपारपर्यंत फोन थांबेना. कोणी हात जोडल्याची चित्रं पाठवली, तर वर्ध्याहून चुलतभाऊ ओरडला, “मेलेल्या माणसाचं नाव चिखलातून वर काढून काय भेटलं तुले?” प्रेरणा म्हणाली, “झालं न आता? बसा स्वस्थ.” पण तो उलट जास्तच तळमळू लागला. इतकी वर्षं काउंटरपलीकडच्या माणसांना सगळं ठाऊक होतं, आणि ती हसून पिशवी पुढं करत होती. त्यांच्या मनात काय होतं?

बुधवारी तो प्रमिलाबाईंच्या घरी गेला.

“तुम्ही माझ्या दुकानात कधी आल्या नाई,” त्यानं दारातूनच म्हटलं.

“नाई आली.” त्या शेंगा सोलत होत्या. “आई सगळ्यात शेवटी जेवायची. भाकरी कमी पडली का पाणी पिऊन उठायची. गूळ आठवते मले, पण हेही आठवते. खोटं कशाले बोलू?”

“मी काय करू आता?”

“मले काय माहीत? बसा, चहा ठेवते.”

तो खुर्चीच्या टोकावर बसला, उठून खिडकीशी गेला, परत बसला. आतून त्यांचा आवाज आला, “अजून दहा असतीन न खाली?”

“दहा.”

“मंग रविवारी तिथूनच सुरू करू. लंबा दोर आणजा. अन् सरकवू नका आता आम्हाले घाटावर.”

म्हणजे तेही त्यांच्या लक्षात आलं होतं. धीरजनं मान खाली घातली आणि चहा उकळता होता तसाच पिऊन टाकला. होळीपर्यंत त्या दहांपैकी सात निघाली. त्यांतली दोन त्याच्या स्वतःच्या दोराला आली.