बोट मी चालवत होतो

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना तो आधी उजवी बाही चढवतो आणि मग उरलेला सदरा डाव्या हाताने ओढून घेतो. नव्या माणसाच्या ते ध्यानातही येत नाही. माझ्या येतं. तो हात माझ्यामुळे गेला. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, आणि सांगितलं ते वेगळंच सांगितलं होतं.

अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत मी फिटर होतो. धर्मांतराच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. बायको वलगावची. घरात नव्या फोटोपुढे उभं राहून, भटाशिवाय झालेलं आमच्या वस्तीतलं ते पहिलंच लग्न. दोनेक वर्षांनी तिचा भाऊ आमच्याकडे राहायला आला. वीस-बावीसचा, उंच, बोलायला कमी. मी त्याला प्रेस खात्यात लावून दिलं. कापसाच्या दाबलेल्या गाठी उचलून त्याचे दंड वर्षभरात दोरासारखे पिळदार झाले. पोहायला तो लहानपणीच पेढी नदीत शिकला होता, पुराच्या पाण्यात.

मालकांचे धाकटे चिरंजीव, ज्यांना आम्ही सगळे धाकटे शेठ म्हणायचो, विलायतेत दोन वर्षं राहून आले आणि येताना एक नाद घेऊन आले. पुढच्या हिवाळ्यात मुंबईहून ट्रकवर गवतात गुंडाळलेली एक बोट आली. प्लायवूडची, पांढरी, मागच्या बाजूला लटकवायचं इंजिन. बरोबर लांब दोर, दोराला लाकडी मूठ, आणि पाण्यावर उभं राहायच्या फळ्या. शेठ त्यांना स्की म्हणत, आम्ही फळीच म्हणत राहिलो. पातूरच्या रस्त्यावर तलाव आहे, तिथे बोट उतरवली. इंजिन कोण पाहणार? फॅक्टरीचा फिटर. म्हणून मी गेलो. बोट खेचताना आणि दोर सोडवताना पाण्यात उतरणारा कोणी हवा होता, म्हणून मी साळ्याला, बायकोच्या या भावाला, नेलं.

हा खेळ काय असतो ते सांगतो. तलावात दोन्ही बाजूंना आळीपाळीने तीन-तीन असे सहा गोळे तरंगत ठेवायचे. आम्ही फुटबॉलच्या ब्लॅडरना लाल कापड शिवून, दगड बांधून ते केले होते. बोट मधून सरळ जाते. मागे दोराला धरून एका फळीवर उभा असलेला माणूस एकदा उजव्या गोळ्याला बाहेरून वळसा घालतो, एकदा डाव्या. गोळ्याच्या आतून गेला की संपलं, पडला की संपलं. लोक त्या माणसाकडे पाहतात. पण बोट एक वीतभर वाकडी गेली किंवा वेग जरासा कमीजास्त झाला, तर मागचा कितीही पट्टीचा असला तरी काही करू शकत नाही. वळसा घालताना तो एका हाताने मूठ धरतो आणि क्षणभर दोर ढिला पडतो. तेव्हा चालवणाऱ्याने इंजिनाला हातही लावायचा नसतो. हे मला कोणी शिकवलं नाही. माझं मीच शिकलो, दोन हिवाळे घालवून.

साळा फळीवर कसा चढला, ती गंमतच झाली. शेठ पडले, फळी वाहत गेली, याने पोहत जाऊन आणली. शेठ हसून म्हणाले, "आता आणलीच आहेस तर उभा राहून दाखव." तीनदा तो तोंडावर आपटला. चौथ्यांदा उभा राहिला आणि मग तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पडला नाही. त्या दिवशी मला झालेला आनंद खरा होता. घरी येऊन मी बायकोला हात पसरून, गुडघे वाकवून दाखवलं आणि ती हसून हसून खाली बसली.

मीही एकदा करून पाहिलं. माझा डावा गुडघा तरुणपणी मशीनच्या पट्ट्याने धरला होता, तो पुरता वाकत नाही. पाण्यातून वर यायला तो वाकावा लागतो. पाच-सहा वेळा मी पाणी प्यालो. शेठ बोटीतून म्हणाले, "फिटर, तुम्ही इथंच शोभता, स्टिअरिंगवर." ते वाईट मनाने बोलले नव्हते. साळा मात्र हसला नाही. त्याने मला पाण्यातून वर घेतलं आणि टॉवेल दिला. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या हिवाळ्यात तो शेठच्या पुढे गेला. शेठला चार गोळे, कधी पाच. याला सहाच्या सहा. वस्तीतली माणसं रविवारी सायकलींवर तलावावर यायला लागली. "पाण्यावर पळते बाप्पा तो! आपला पोरगा!" बायकाही येऊन काठावर बसत. बोट कोण चालवून राहिलं, हे एकाने विचारलं नाही. गावातल्या एका साप्ताहिकात फोटो आला. त्यात तो तिरपा झालेला, पाण्याचा पंखा उडालेला, आणि दोर फोटोच्या कडेला जाऊन संपलेला. बोट कापून टाकली होती. बायकोने तो फोटो भिंतीला लावला. मी म्हणालो, "लाव ना. चांगला आला." आणि जेवून बाहेर पडलो.

आपल्याला राग येतोय हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. राग कुणाचा धरावा तेवढं कळत नव्हतं.

मग मुंबईच्या एका क्लबाचे दोन पाहुणे आले. तिकडे मोठी स्पर्धा होणार होती आणि आमच्या भागातून त्यांना एकच माणूस न्यायचा होता. शिवाय जो नीट करेल त्याला क्लबात शिकवायची नोकरी मिळण्यासारखी होती. शेठना नोकरीची गरज नव्हती, पण स्पर्धेला जायचं फार मनात होतं. तरी ते पाहुण्यांना म्हणाले, "आम्ही दोघं आहोत. दोघांना एकेक फेरी द्या. ज्याचे गोळे जास्त तो येईल." त्यांनी हे माझ्यासमोर सांगितलं. आदल्या दिवशी फॅक्टरीत मला एवढंच म्हणाले, "फिटर, उद्या इंजिन नीट ठेवा." बस्स. यात दुसरं काही नव्हतं. या वाक्यात मी पुढे किती अर्थ भरले ते पुढे येईलच.

सकाळी काठावर गर्दी होती. बायकोही आली होती. पाहुणे दोघं माझ्या मागे, तोंड दोराकडे करून बसले. पहिले शेठ गेले. मी बोट सुतासारखी सरळ नेली. त्यांनी पाच गोळे केले, सहाव्याच्या आतून गेले. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली फेरी असावी.

मग साळा पाण्यात उतरला. दोर ताणला तेव्हा त्याने मला हात केला. नेहमी करायचा तसाच.

पहिला गोळा, दुसरा, तिसरा. मागे पाहायची मला गरज नसायची. तो कुठे आहे ते बोटीच्या ओढीवरून कळायचं. चौथ्याला तो डाव्या अंगाला गेला, वळसा पुरा केला आणि दोर ढिला पडला. तेव्हा मी थ्रॉटलचा, वेग वाढवायचा, दांडा पुढे सरकवला. एक बोटभर, जास्त नाही. इंजिनाचा आवाजही फारसा बदलला नाही. ढिला दोर एकदम ताणला, बोटीला हिसका बसला आणि मागे पाहुण्यांपैकी एक जण "अरे!" म्हणाला.

माझा हात चुकून सरकला नाही. मी बराच काळ स्वतःला तसं सांगून पाहिलं. तो सरकवला.

बोट वळवून मी त्याच्याकडे नेली. तो पाण्यात उताणा होता, डाव्या हाताने उजवा खांदा धरलेला. तोंडाचा रंग गेला होता. पाहुण्यांनी त्याला ओढून वर घेतलं तेव्हा तो ओरडला, आणि मग माझ्या अगदी जवळ असताना हळू आवाजात म्हणाला,

"भाऊजी, इंजिनात काई बिगाड झाला काय?"

मी म्हणालो, "हो. कचरा आला असन."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग पाहुण्यांकडे वळून त्याने सांगितलं, "माह्यीच चूक झाली. वळाले उशीर झाला."

चार गोळे. शेठ मुंबईला गेले.

खांदा दवाखान्यात बसवला, पण आत काहीतरी तुटलं होतं ते जुळलं नाही. दोन महिन्यांनी तो गाठी उचलायला गेला आणि पहिल्याच गाठीला खांदा पुन्हा निसटला. प्रेस खात्यातलं काम गेलं. तो बिछाना बांधून वलगावला परत गेला.

वस्तीत लोक म्हणायला लागले की हे शेठनीच घडवून आणलं. आपला पोरगा पुढे चालला हे त्यांना कसं खपेल? मला विचारलं, "तुमी तं बोटीतच होते. काय झालं?" मी म्हणालो, "आदल्या दिवशी शेठ मले म्हणे, इंजिन नीट ठेवा." एवढंच सांगितलं आणि गप्प बसलो. पुढचं ज्याचं त्याने जुळवून घेतलं. आमच्या माणसांनी असं आयुष्यभर सोसलेलंच होतं, त्यांना पटवायची गरज नव्हती. त्यांचं खरं दुःख मी माझ्या खोट्याला पांघरायला घेतलं. हातापेक्षाही मला याची जास्त लाज वाटते. शेठ मुंबईत पहिल्याच फेरीत पडले आणि हिरमुसून परत आले. साळ्याच्या दवाखान्याची सगळी सोय त्यांनीच केली होती. वस्तीत कुणी त्यांच्याकडे पाहून नमस्कार करीना, तेव्हा त्यांना कारणही कळलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी बोट विकली.

बायकोला मी कचऱ्याचंच सांगितलं होतं. भाऊ वलगावला गेल्यावर आठेक दिवसांनी ती भाकरी थापत होती. मान वर न करता तिने विचारलं,

"इंजिन बिघडलं होतं, तं मंग तुमी ते खोललं काहून नाई?"

मी म्हणालो, "वेळ नाही भेटला."

"शेजाऱ्याची सायकल कुरकुरली तरी तुमी जेवण सोडून उठता. त्या दिशी तलावावरून आले तं तुमच्या हाताले तेलाचा डागबी नव्हता."

तवा तापून धूर यायला लागला होता. तिने भाकरी टाकली, उलटली, शेकली, माझ्या ताटात वाढली. मग म्हणाली, "त्याले सांगू नोका. त्याले वाटते, मशीननं दगा दिला. तसंच वाटू द्या. भाऊजीनं केलं हे समजलं तं तो मरून जाईन."

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढे ती माझ्याशी नीट बोलली, चालली, मुलं झाली, त्यांची दुखणीखुपणी आम्ही मिळून काढली. पण मी दमून आलो की पूर्वी ती न विचारता माझ्या गुडघ्याला तेल चोळायची. ते बंद झालं. मीही कधी म्हटलं नाही.

तीन-चार वर्षांनी मी वलगावला एकटाच गेलो. तिने सांगू नको म्हटलं होतं, तरी सांगायचं ठरवून गेलो. साळ्याला तोवर अमरावतीत सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली होती. लग्न झालं होतं, घरात लहान मुलगी रांगत होती. आम्ही अंगणात बाजेवर बसलो. मी म्हणालो, "तुह्या हाताचं मले सांगायचं हाय. त्या दिवशी इंजिनात—"

"भाऊजी," तो म्हणाला, "दोर माह्या हातात होता."

मुलगी त्याच्या पायाशी आली, त्याने तिला डाव्या हाताने उचललं.

"मले पाण्यातच समजलं होतं," तो म्हणाला. "कचऱ्यानं इंजिन मंद होते, तेज नाई होत. पण तुमी माह्या ताईले हे सांगू नोका. तिचा तुमच्यावर लय भरोसा हाय."

"तू मले काई म्हणत काहून नाईस?"

त्याने मुलीला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "काय म्हणू? म्हणून पायलं असतं तं ताईचं घर गेलं असतं. आता हात तं गेलाच." आणि माझ्याकडे न पाहता, "पण एक सांगा. मी तुमचं काय बिघडवलं होतं?"

काहीच बिघडवलं नव्हतं. पाणी प्यालो तेव्हा टॉवेल दिला होता. हे मी त्याला कसं सांगणार होतो?

त्याच्या बायकोने चहा आणला. आम्ही चहा प्यालो. शेवटच्या मोटारीने मी परत आलो. बायकोने विचारलं, "कसा हाय तो?" मी म्हणालो, "बरा हाय. मुलगी रांगते." तिने मान हलवली.

तेव्हापासून दोघंही माझ्यासमोर, एकमेकांसाठी, इंजिनाच्या कचऱ्याचीच गोष्ट सांगत आले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तो येतो, नातेवाइकांच्या पंगतीत कुणी हाताबद्दल विचारलं की बहीण म्हणते, "मशीन बिघडलं होतं." तो म्हणतो, "हो, कचरा आला होता." मी तिथेच बसलेलो असतो. त्यांनी एकमेकांना खरं सांगितलं आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झालेली नाही.