मास्तरांची बिनरंगी फौज

दुपारी मला झोप लागत नाही, असं मी जगाला सांगत आलोय. साफ खोटं. जेवण झालं, हात धुतले, पडदा ओढला, की पाचव्या मिनिटाला मी गार. आज मात्र मन थाऱ्यावर नाही. पाच वाजता वैजू यायचीय.

वैजू म्हणजे पोफळे मास्तरांची मुलगी. मास्तरांना जाऊन दोन वर्षं होतील. त्यांनी जन्मभर जमवलेले शिशाचे शिपाई माझ्याकडे ठेवायला दिलेले. बोटाएवढे, कुठल्या कुठल्या जुन्या पलटणींचे, आणि अंगाला रंगाचा थेंब नाही. साच्यातून निघाले तसेच, करडे. वैजू ते आता बाबांच्या शाळेत मांडणार आहे, त्यांच्या नावाची पाटी लावून. त्यासाठी नागपूरहून निघालीय बिचारी.

आणि शेजारच्या खोलीत, कपाटात, ते शिपाई पीठ होऊन गळतायत.

सकाळी फोनवर मी तिला म्हणालो, "अगं, थोडे खराब झालेत. तुझ्या बाबांचे ते बिस्किटांचे डबे ना, त्यांनी घात केला." ती म्हणाली, "बाबा इतके जपायचे. असं कसं केलं त्यांनी?" मी म्हटलं, "वय झालं होतं गं."

वय झालं होतं म्हणे! डब्यांत तीस वर्षं ते ठणठणीत होते. मलमलीत गुंडाळलेले, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. हौस मला आली. नव्या प्लायवूडचं कपाट करून घेतलं, पुढे काच, काचेला रबराची पट्टी, धूळ म्हणून शिरायला नको. नवं लाकूड आंबूस वाफ सोडतं, ती कोंडली की शिसं पांढरं पडतं आणि भुगा होतो. हे मास्तरांनी मला दहादा सांगितलेलं. दवाखान्यातसुद्धा म्हणाले होते, "बंडोपंत, डब्यांतच राहू द्या." मला वाटलं, मास्तरकी मरेपर्यंत सुटत नाही या माणसाची.

पडदा वाऱ्यानं फुगतो, बसतो. पंखा कुरकुरतो. मी कुशीवर वळतो, आणि पायाशी गादी दबते. कुणीतरी बसलंय.

"झोपलात?"

"नाही हो. नुसते डोळे मिटलेत."

"मग बरं."

मास्तरांचा आवाज. भीती वाटायला हवी, पण मला येतो तो राग. आजच यायचं होतं का यांना?

"वैजू पाचला येणार आहे. तुम्ही आत्ताच कसे?"

"रविवार ना आज. चला, उशीर केला की चांगला माल जातो."

माझा पलंग जुन्या बाजारात, फूटपाथवर आहे. चादरीवर चादरी अंथरलेल्या, माणूस एकही नाही. आमची ओळख इथलीच. एका ढोलवाल्या शिपायावर दोघांचे हात एकदम पडले होते. मास्तरांनी आपला काढून घेतला. "न्या तुम्ही, फक्त रंगवू नका," म्हणाले. का, विचारलं तर म्हणाले, "रंग दिला की तो कुणाच्या तरी बाजूचा होतो. असा आहे तोवर कुणाचाच वैरी नाही." मी हसलो होतो. पुढे वीस वर्षं दर रविवारी आम्ही दोघं इथे उकिडवे बसून भंगार उपसायचो, आणि मग एक कटिंग दोघांत. असा दोस्त मला दुसरा मिळाला नाही.

आज चादरींवर पांढऱ्या पिठाचे ढिगारे आहेत. मास्तर एका ढिगाऱ्यात बोट घालून बघतात.

"हा आपला ढोलवाला," ते म्हणतात.

"कशावरून?"

"ओळखतो मी माझी माणसं."

"मास्तर, घरी जाऊ या."

"आधी हजेरी."

वर्ग भरलाय. भिंतीवर भूगोलाचे नकाशे, पण त्यांवर एकही गाव नाही. बाकांवर शिपाई बसलेत, माणसाएवढे, करडे. मी शेवटच्या बाकावर अंग चोरून. मास्तर नाव घेतात, शिपाई उठायला जातो आणि तिथेच खाली येतो. चाळणीतून पीठ पडतं तेवढाच आवाज. मास्तर पुढचं नाव घेतात. पुन्हा तोच आवाज. मी कान झाकतो तरी तो येतोच.

"बंडोपंत, उभे राहा. हे कुणी केलं?"

"तुम्ही."

माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघतं, की मलाच नवल वाटतं. मास्तरांचा उजवा कान गळून टेबलावर पडतो. ते रुमालानं टेबल पुसतात.

"नीट सांगा."

"तुमच्या डब्यांनी."

डाव्या हाताची दोन बोटं जातात. मला रडू फुटतं.

"अहो मास्तर, तुम्ही तर गेलात! मला अजून या गावात राहायचंय. वैजू मला काका म्हणते, दिवाळीला फोन करते. मला दुसरं आहे कोण? मेलेल्या माणसावर ढकललं तर त्याचं काय जातं?"

"बघताय ना, काय जातं ते."

ते ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दवाखान्याचा वॉर्ड. त्यांची खाट तीच, खिडकीकडची. पण खाटेला काचेची दारं आहेत आणि काचेला रबराची पट्टी. मास्तर आत पडलेत. त्यांच्या श्वासानं काच धुरकट होते. मी नखांनी पट्टी ओरबाडतो.

"सकाळी वैजूनं मला विचारलं," ते आतून म्हणतात. "बाबा, असं कसं केलंत? मी काय सांगू पोरीला?"

"मी सांगेन! मी सांगतो तिला!"

"काय सांगाल?"

मी आणखी जोरानं ओरबाडतो. पट्टी सुटते. आंबूस वास भसकन अंगावर येतो. मास्तर उठून बसायला बघतात.

"हात द्या जरा."

मी उजवा हात पुढे करतो. त्यांचा हात माझ्या पंज्यात येतो, थंड आणि हलका. मी ओढतो. हात माझ्याकडे येतो. मास्तर येत नाहीत.

बेल वाजतेय.

मी पलंगावर आहे. घड्याळात पावणेपाच. तोंडाला कोरड, उशी ओली. डोळे पुसायला हात वर नेतो आणि थबकतो. उजव्या तळव्यावर पांढरी पूड आहे. थर नाही, पण रेघारेघांत बसलेली, नखांत, अंगठीच्या खाली. कपाटाला कुलूप आहे, किल्ली देवघरात. काल सकाळपासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही, आणि जेवल्यावर याच हाताला साबण लावून तो धुतलाय.

बेल पुन्हा वाजते. पुसावा का हात? लुंगीला पुसला तर कोण बघतंय? मी पुसत नाही. का पुसत नाही ते मला सांगता यायचं नाही.

दार उघडतो. वैजू. प्रवासानं चेहरा उतरलेला, पण कपाळ थेट मास्तरांचं. बरोबर दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या आणि मलमलीचं नवं कापड.

"लवकर पोचले काका," म्हणते, आणि पिशव्या खाली ठेवून पायाशी वाकते.

सवयीनं माझा उजवा हात आशीर्वादाला वर जातो. तिच्या केसांपासून वीतभर अंतरावर मी तो आवरतो.

"थांब वैजू. हा हात नको."

ती वाकल्या वाकल्या मान वर करते. "काका, हे काय लागलंय?"

उत्तर तयार आहे. सकाळपासून पाठ केलंय. वय झालं होतं, डबे जुने होते, कुणाचाच दोष नाही गं.

"तुझ्या बाबांचे डबे चांगले होते," मी म्हणतो. "त्यांनी मला बजावलं होतं, यातून काढू नका म्हणून. मी काढले. कपाट मी करून घेतलं. सगळे गेले, वैजू. सकाळी मी तुझ्याशी खोटं बोललो."

तिचे हात माझ्या पायांपासून दोन बोटांवर आहेत. मग ती ते मागे घेते, आणि पायांना न शिवता सरळ उभी राहते.