अकरा पॉइंट सहा

मी रसायनशास्त्र शिकवते, पण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नाही. माझ्या वाट्याला येतात ते जीवशास्त्रवाले, आणि त्यातही रक्त-लघवी तपासणारे तंत्रज्ञ व्हायला आलेले. त्यांना पेशी हव्या असतात, जंतू हवे असतात. मोल आणि नॉर्मॅलिटी म्हणजे त्यांच्या लेखी पंगत बसण्याआधी ऐकावं लागणारं भाषण. पहिल्या वर्षी कसाबसा विषय सुटला की पोरं गंगेत न्हातात. अकोल्याच्या त्या कॉलेजात मला बारा वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी मी त्यांच्यावर चिडण्यात घालवली आहेत.

चिडणं आमच्या घरातच आहे. अमरावतीला आमच्याकडे आजोबा वकील, वडील वकील, दोघे काका वकील. भाजीत मीठ जास्त झालं तरी उलटतपासणी व्हायची. मी विज्ञानाकडे गेले, पण जीभ घरचीच घेऊन गेले.

काकू माझ्या वर्गात आल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. काकू हे नाव मुलांनी पहिल्याच दिवशी ठेवलं. मी तोंडावर ताई म्हणायचे, पण मनात माझ्याही त्या काकूच. मूर्तिजापूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या बाटल्या धुवायला लागल्या होत्या. मग रक्त काढायला शिकल्या, मग हळूहळू सगळंच. पुढे लॅबमध्ये नवीन मशीन आलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पदवी असल्याशिवाय त्याला हात लावता येणार नाही. लग्नाआधी बारावी सायन्स झालेलं होतं, तेवढ्या शिदोरीवर काकूंनी प्रवेश घेतला. पदवी मिळाली तर मशीन, नाही तर पुन्हा बाटल्या. हे त्यांनीच मला इतक्याच शब्दांत सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता.

पहिल्याच महिन्यात मी त्यांचा अपमान केला. द्रावणाची तीव्रता शिकवत होते. फळ्यावर सूत्र लिहिलं, उदाहरण सोडवलं, आणि विचारलं, "कळलं का? तीव्रता म्हणजे काय, कोण सांगेल?" कुणाचाच हात वर नाही. मग मागच्या बाकावरून काकू उठल्या.

"पंपाले किती झाकणं टाकली, ते."

वर्ग खदखदून हसला. पंप म्हणजे फवारणीचा, पाठीवर घ्यायचा. आणि झाकण म्हणजे औषधाच्या बाटलीचं, त्यानेच माप घ्यायचं. आमच्या वऱ्हाडात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला हसू आलं नाही, राग आला. मी म्हणाले, "ताई, हे कॉलेज आहे, कृषी सेवा केंद्र नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला. काकू खाली बसल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. त्यानंतर दोन महिने त्यांनी वर्गात तोंड उघडलं नाही.

ते उघडलं प्रयोगशाळेत, तेही मी विचारलं म्हणून. त्या दिवशी कॉस्टिक सोड्याचं शंभर मिली द्रावण करायचं होतं. काचेचा फुगीर फ्लास्क, मानेवर एक रेघ. पोरांनी काय करावं? आधी रेघेपर्यंत पाणी भरलं आणि मग वरून सोडा टाकला. पाणी रेघेच्या वर चढलं. कुणी ड्रॉपरने वरचं पाणी काढून घेत होतं, म्हणजे त्याबरोबर सोडाही चालला. मी टेबलाटेबलावर ओरडत फिरत होते. काकूंच्या टेबलाशी आले तर त्यांचं काम बिनचूक झालेलं. आधी थोडं पाणी, त्यात सोडा, विरघळून गार होईपर्यंत धीर, आणि मग शेवटचे थेंब मोजून रेघेपर्यंत.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही." त्या जरा घाबरल्या. "पंप आधीच गच्च भरला तर औषध कुठं टाकता, मॅडम? अर्धा भरा, औषध टाका, ढवळा, मंग गळ्यापर्यंत भरा. आमी तं असंच करतो. औषध जास्त झालं तं पऱ्हाटी करपते, कमी झालं तं अळी मरत नाही."

दोन महिन्यांपूर्वी ज्या उत्तरावर मी त्यांना वर्गासमोर खाली बसवलं होतं, ते उत्तर बरोबर होतं. एका ठराविक आकारमानात किती पदार्थ आहे, यालाच तर तीव्रता म्हणतात. मी सूत्र घेऊन बसले होते आणि ह्या बाईने कापसाच्या शेतात दरवर्षी तेच सूत्र पाठीवर वाहिलं होतं. मला लाज वाटली. ती मी वर्गात बोलून दाखवली, असं लिहायला आवडलं असतं. तेव्हा काही तेवढं धैर्य झालं नाही.

पण गाडीत झालं. मी रोज बडनेऱ्याला गाडीत बसायचे, काकू मूर्तिजापूरला चढायच्या. तोवर आम्ही वेगवेगळ्या डब्यांत बसत होतो, म्हणजे त्या मला टाळत होत्या. दुसऱ्या दिवशी मीच मूर्तिजापूरच्या फलाटावर उतरून त्यांना हाक मारली आणि डब्यात शेजारी बसवून म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी चुकले. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग आता मले ते मोल सांगा," त्या म्हणाल्या. "तेवढंच डोक्यात घुसून नाही राहिलं."

मी सांगितलं. बोरगाव मागे पडेपर्यंत सांगत होते. त्या खिडकीबाहेर पाहत ऐकत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे मोल हे बी झाकणच झालं. मिठाचं झाकण एका वजनाचं, साखरेचं दुसऱ्या वजनाचं. पण आतले दाणे मोजले तं तेवढेच."

बारा वर्षांत इतकी चांगली व्याख्या मला करता आलेली नाही. पुढच्या वर्षीपासून मी मोल त्यांच्याच शब्दांत शिकवते, आणि कुणाचे शब्द आहेत तेही सांगते.

लेखी पेपर काकूंचा सुटला. राहिलं ते प्रॅक्टिकल, तेही दोनदा. पहिल्यांदा ब्युरेटच्या, म्हणजे उभ्या मोजनळीच्या, तोटीतून ॲसिडमध्ये सोडा जास्त पडला आणि रंग फिकट गुलाबी व्हायच्या जागी भडक झाला. दुसऱ्यांदा वेळ संपली. नियम असा की रंग यायला किती मिली सोडा लागला, त्याची ब्युरेटवरची तीन रीडिंग एकमेकांशी जुळली पाहिजेत. बाकीचे पहिलं रीडिंग घेतात आणि उरलेली दोन वहीत जन्माला घालतात. काकू जुळेपर्यंत करत बसल्या, आणि घंटा झाली तेव्हा त्यांच्या उत्तराची जागा कोरी होती. मी तेव्हा त्यांच्यावर चिडलेही. आता खालच्या वर्गाबरोबर तिसरी संधी होती, आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे शेवटची. या वेळी राहिलं तर प्रवेशच रद्द.

आता आमच्याकडची एक चाल सांगायला हवी. ती फक्त आमच्या कॉलेजची आहे असं मला वाटत नाही. परीक्षेच्या आधी प्रयोगशाळेतले काका, म्हणजे आमचे परिचर, स्वतः एकदा प्रयोग करून पाहतात. त्यांचं रीडिंग त्यांच्या वहीत राहायला पाहिजे. ते राहत नाही. काकूंच्या तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी ते मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं: दहा पॉइंट दोन. मग पोरं परीक्षेत ब्युरेटसमोर उभी राहतात, थेंब पाडतात, फ्लास्क हलवतात, सगळं नाटक साग्रसंगीत करतात आणि लिहितात दहा पॉइंट दोन. मला हे माहीत होतं. मीही विद्यार्थी असताना हेच केलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, कमी बोलणारे होते. वह्या पाहता पाहता एका वहीवर ते थांबले आणि मला बोलावून घेतलं.

"सगळ्या वर्गाचं दहा पॉइंट दोन. ह्या बाईंचं अकरा पॉइंट सहा. तिन्ही वेळा." त्यांनी पेन्सिल ठेवली. "एवढा फरक म्हणजे गुण देता येणार नाहीत. बोलवा त्यांना."

काकू आल्या. परीक्षकांनी विचारलं, "पुन्हा करून पाहायचंय?"

"तीनदा केलं, सर. अकरा पॉइंट सहाच येऊन राहिलं."

मी त्यांच्या टेबलाशी गेले, पिपेटने दहा मिली ॲसिड घेतलं, ब्युरेट भरला आणि स्वतः थेंब पाडू लागले. दहा पॉइंट दोनला फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ. अकराला स्वच्छ. अकरा पॉइंट सहाला फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला.

तेव्हा मला आदल्या दिवसाची संध्याकाळ आठवली. काकांनी प्रयोग करून पाहिला तो जुन्या द्रावणावर. ते संपत आलं होतं म्हणून सोड्याचं नवं द्रावण मी केलं. सोड्याच्या बरणीचं झाकण सैल होतं आणि खडे ओलसर, चिकट झालेले दिसत होते. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी पितो. वजन तेवढंच भरतं, पण त्यात सोडा कमी असतो, मग रंग यायला द्रावण जास्त पाडावं लागतं. म्हणून नवं द्रावण दुसऱ्या पक्क्या द्रावणाशी ताडून पाहायचं असतं. हे मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवते. त्या संध्याकाळी मला गाडी गाठायची होती. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि निघाले.

म्हणजे अख्ख्या खोलीत खरं उत्तर एकाच वहीत होतं, आणि नापास तीच वही होणार होती.

खोटं कशाला बोलू, अर्धं मिनिट मी ब्युरेटची तोटी उगाच पुसत राहिले. बोलले तर माझा निष्काळजीपणा उघडा पडणार होता, सगळा वर्ग खोटा ठरणार होता, आणि काकांची नोकरी संपायला आलेली असताना त्यांच्यावरही ठपका येणार होता. न बोलले तर एकट्या काकू. हिशेब सोपा होता, आणि तो करावासा वाटला याचीच मला अजून शरम वाटते. काकू ब्युरेटकडे पाहत होत्या. माझ्याकडे नाही.

"सर," मी म्हणाले, "द्रावण मी केलंय आणि ते चुकलंय. मी ताडून पाहिलं नाही. अकरा पॉइंट सहा बरोबर आहे."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग ते म्हणाले, "ह्यांचं झालं. ह्यांना पुन्हा करायची गरज नाही. बाकी सगळ्यांना माझ्यासमोर ब्युरेट भरायला सांगा. आणि मला चहा सांगा, वेळ लागणार आहे."

वेळ लागलाच. अकरा पॉइंट पाच, अकरा पॉइंट सात, अकरा पॉइंट सहा. पोरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. प्राचार्यांकडून मला बोलणी खावी लागली ती वेगळी. ती माझ्या हक्काची होती. काकांचं नाव मी कुठे घेतलं नाही, पण त्यांनी आपणहून माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

संध्याकाळी अकोल्याच्या फलाटावर काकू बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. मला वाटत होतं की ह्या बाईने माझी चूक ओळखली असणार. पंपातलं औषध पातळ झालंय हे जिला पऱ्हाटीकडे पाहून कळतं, तिला हे का कळू नये? तसं असेल तर मी मोकळी होते, कारण मग त्यांना स्वतःची खात्री होती.

"द्रावण चुकलंय हे तुम्हाला कळलं होतं ना, ताई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मले काय मालूम? मले वाटलं मीच चुकून राहिली. म्हणून तं तीनदा केलं."

"मग ग्रुपवर दहा पॉइंट दोन आलं होतं, ते पाहिलं नव्हतं?"

"पाह्यलं होतं."

"मग ते का नाही लिहिलं?"

"ते माह्यं नव्हतं ना, मॅडम."

मला एकदम राग आला, माझ्या नेहमीच्या सवयीप्रमाणे, आणि कशाचा आला ते कळेना. "अहो, शेवटची वेळ होती. तुम्ही नापास झाला असता."

"हो," काकू म्हणाल्या, "झाली असती."