काचेतला वीर

सटाण्याला नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. नाशिकहून गाडी काढली आणि वाटेत गावाकडून काकूला घेतलं. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. काका माझ्या जन्माआधीच गेला, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मूलबाळ नाही, ती आता माझ्या धाकट्या भावाकडे गावी राहते. आम्ही हॉलवर पोचलो तर मुलाकडची मंडळी अजून वाटेत देवळा गावातच अडकलेली. कोणीतरी म्हणालं, शेजारीच जुन्या वस्तूंचं म्युझियम आहे, बघून येऊ, तेवढाच वेळ जाईल. मी लगेच नको म्हटलं, पण बायका निघाल्याच होत्या.

त्याचं कारण आता सांगायलाच हवं. आमच्याकडे घरातलं तरणंताठं माणूस अकाली गेलं की त्याचा वीर होतो. चांदीच्या पत्र्यावर घोडेस्वार उठवून घेतात, त्याला टाक म्हणतात. तो देवघरात बसतो आणि धुळवडीला लाल फडक्यात नारळाबरोबर बांधून वाजतगाजत नदीवर नेतात. आमचं घर थोरलं, म्हणून काकाचा टाक नाशिकला आमच्या देवघरात होता. काकू दर धुळवडीला एसटीने यायची, गोदाघाटावर आपल्या हाताने त्याला आंघोळ घालायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. त्या दिवशी ती कोणाशी फारशी बोलत नसे.

वडील गेले, आम्ही फ्लॅटमध्ये आलो. नवीन देवघर हातभर, त्यात निम्मे देव मावेनात. त्याच सुमारास हे म्युझियम चालवणारे निवृत्त गुरुजी जुन्या वस्तू मागत घरी आले. मी पितळेची भांडी दिली, समया दिल्या, आणि त्याच पेटीत तो टाकही देऊन टाकला. नुसता दिला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण गुरुजींनी वही उघडली आणि विचारलं, हे कोण? मी जन्मभर बँकेत कारकुनी केलेला माणूस. माझ्या घराण्याचा इतिहास आजवर कोणी विचारला नव्हता. जीभ सैल सुटली. म्हटलं, आमचे पूर्वज, लढाईत पडले, दोनेकशे वर्षं झाली असतील. गुरुजी भराभर लिहीत गेले आणि मी सांगत गेलो. उद्घाटनाला मला शाल-श्रीफळ मिळालं. मी ते छाती फुगवून घेतलं, लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

पुढच्या धुळवडीला काकू आली. टाक कुठे, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, चांदीची वस्तू, चोऱ्या फार होतात, लॉकरमध्ये ठेवलाय आणि आज बँकेला सुट्टी. तिने मान हलवली आणि नुसता नारळ लाल फडक्यात बांधून ती नदीवर गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. धुळवडीला बँकेला दर वर्षी सुट्टी असते, टाक आदल्या दिवशी काढून आणता येतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण बँकेतला पुतण्या खोटं कशाला बोलेल, असं तिला वाटलं असणार.

म्युझियम म्हणजे दोन खोल्या. पायली, शेर, मोटेचं चाक, कंदील, जातं. काकू खुशीत होती. हे सगळं कालपरवापर्यंत आपल्याच घरात होतं की, असं बायकांना सांगत हसत होती. मी मागे मागे, तिला दुसऱ्या खोलीत जाऊ द्यायचं नाही एवढंच डोक्यात. चल काकू, पाहुणे आले असतील, असं दोनदा म्हणालो. तेवढ्यात गुरुजींनी मला ओळखलं आणि सगळ्यांसमोर, या या, तुमचा टाक तर आमच्या दालनाची शान, म्हणत स्वतःच आम्हाला दुसऱ्या खोलीतल्या काचेच्या कपाटापाशी नेलं. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच दोन महिन्यांपूर्वी करून आणलं होतं आणि ते चार लोकांत सांगतही फिरलो होतो. तिला आता चांगलं दिसत होतं.

काचेसमोर ती थांबली. काचेला नाक लागेल इतकी वाकली. मग आपल्या अहिराणीत म्हणाली, "हाऊ तर आपला शे."

गुरुजींना आनंद झाला. आजी, कशावरून ओळखलंत, म्हणाले. तिने काचेवर बोट टेकवून टाकाची खालची कड दाखवली. तिथे पत्रा तोकडा आहे, किनार नाही. काका गेल्यावर तिची जोडवी उतरवली, ती सोनाराने आटवली, त्याचा हा टाक. चांदी थोडी कमी पडली, म्हणून कड तशीच राहिली. हे तिने हळू आवाजात, भाजीबद्दल सांगावं तसं सांगितलं. कपाटातल्या पाटीवर लिहिलं होतं की पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेने ही कड झिजली आहे. तेही मीच सांगितलेलं. गुरुजींनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

काकूला वाचता येत नाही. "काय लिखेल शे, वाच ना रे," ती मला म्हणाली.

मी वाचलं. लढाईत धारातीर्थी पडलेले पूर्वज, दोनशे वर्षांपूर्वीचे. खाली देणाऱ्याचं नाव, म्हणजे माझं, ठळक अक्षरात. आणि वीराच्या नावापुढे, अज्ञात. शेवटचा शब्द मी गिळायला बघत होतो, पण गुरुजी शेजारीच उभे होते.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "त्यासनं नाव काबर नही?"

गुरुजींनी खिशातलं पेन काढलं. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे त्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी मला विचारलं, नाव काय काकांचं? मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. वडील त्याला धाकला म्हणायचे, आम्ही वीरबाबा म्हणायचो. सातबाऱ्यावर त्याचं नाव कधीतरी पाहिलं असणार. पण काही केल्या आठवेना. इतक्या धुळवडींना मी त्याचा टाक हातात धरून नदीवर नेला होता. काकू माझ्या तोंडाकडे बघत होती. आधी तिला वाटलं मी लाजतोय. मग तिला कळलं. ते कळताना मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, भिंतीकडे तोंड वळवलं आणि नाव सांगितलं. नवऱ्याचं, मग सासऱ्याचं, मग आडनाव. गुरुजींनी लिहून घेतलं. मग त्यांनी किल्ली लावून कपाट उघडलं, टाक तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, आजी, हा तुमचा आहे, घेऊन जा.

तिने बोटाने ती तोकडी कड एकदा चाचपली आणि हात मागे घेतला.

"राहू द्या त्यासले आठेच," ती कपाटातल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत म्हणाली. "आठे कोनी नाव तरी इचारं."